अंधारात जागणारा माणूस : एडवर्ड बार्नार्ड

डिसेंबरच्या रात्री चर्चच्या पटांगणातून घरी निघालो, की पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेले दिसते. चार कोपऱ्यांना चार तारे आणि मध्ये ओळीने तीन, म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला बाण. त्या बाणाच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका आहे. नुसत्या डोळ्यांना तो चिमूटभर धुक्यासारखा वाटतो. पण त्याचेच छायाचित्र आपण एखाद्या कॅलेंडरवर पाहतो तेव्हा गुलाबी, लाल आणि निळ्या पाकळ्यांचे फूल उमलावे तसा तो दिसतो. हा मृगातील तेजोमेघ. अशी छायाचित्रे काढायला आज मोठी वेधशाळा लागत नाही. जगभर अनेक हौशी माणसे आपल्या अंगणात किंवा गच्चीवर वीतभर रुंदीची दुर्बीण लावून ती काढतात. दिवसा नोकरी करायची आणि रात्री आकाशाकडे कॅमेरा लावून बसायचे, असा त्यांचा छंद.

या छंदाच्या पायाशी ज्या थोड्या लोकांचे कष्ट आहेत, त्यांत एडवर्ड एमर्सन बार्नार्ड हे नाव फार वरचे आहे. अमेरिकेतील हा मोठा खगोलशास्त्रज्ञ लहानपणी शाळेत गेला तो जेमतेम दोन महिने. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

छपरावरचा मुलगा

बार्नार्ड यांचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहरी झाला. वडील त्यांच्या जन्माआधीच वारले होते. घरात आई, एक मोठा भाऊ आणि पाचवीला पुजलेले दारिद्र्य. आई मेणाची फुले करून विकायची आणि त्यावर दोन मुलांना पोसायची. लिहायला-वाचायला तिनेच शिकवले. एडवर्ड तीन वर्षांचा असताना अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ते चार वर्षे चालले आणि नॅशव्हिललाही त्याची झळ लागली. युद्ध संपले तेव्हा शहरात पैसा नव्हता आणि रोगराई मात्र होती.

नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा एडवर्डला एका फोटो स्टुडिओत कामाला लावण्यात आले. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. छायाचित्र मोठे करायचे तर सूर्याचा प्रकाश लागे. स्टुडिओच्या छपरावर एक अवजड यंत्र होते आणि त्याला ज्युपिटर असे नाव होते. हे यंत्र सतत सूर्याच्या दिशेने वळवत ठेवावे लागे. सूर्य जरा सरकला की चाक जरा फिरवायचे, पुन्हा पाहायचे, पुन्हा फिरवायचे. त्याच्याआधी ठेवलेली मुले या कामाला कंटाळत, उन्हात बसल्या बसल्या पेंगत आणि मग चित्र बिघडे. एडवर्ड मात्र पेंगला नाही. दिवसामागून दिवस तो त्या छपरावर बसून सूर्यावर नजर ठेवत राहिला.

आम्हांला वाटते, बार्नार्ड यांचे सारे आयुष्य या एका कामात सामावलेले आहे. पुढे सूर्याच्या जागी तारे आले, दिवसाच्या जागी रात्र आली. पण काम तेच राहिले. आकाशातला प्रकाश सरकत असतो, त्याच्याबरोबर आपण सरकायचे आणि झोपायचे नाही.

दोन डॉलरचे तारण

संध्याकाळी काम संपवून घरी चालत जाताना त्याला आकाश दिसे. कोणत्या ताऱ्याला काय म्हणतात हे सांगणारे कोणी नव्हते. पुढे एका सहकाऱ्याच्या मदतीने त्याने एक जुने भिंग नळीत बसवून ओबडधोबड दुर्बीण तयार केली. मग १८७६ च्या सुमारास एक विचित्र योग आला. ओळखीच्या एका तरुणाने त्याच्याकडून दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे काही परत आले नाहीत, पण पुस्तक उघडून पाहिले तर ते खगोलशास्त्राचे निघाले. त्यात आकाशाचे नकाशे होते. ते घेऊन तो आकाशाखाली उभा राहिला आणि ज्या ताऱ्यांना लहानपणापासून ओळखत होता, त्यांची नावे त्याला त्या रात्री कळली. अभिजित, श्रवण, हंस हे तारे आता नावानिशी ओळखीचे झाले.

लवकरच त्याने पाच इंच व्यासाची चांगली दुर्बीण विकत घेतली. किंमत ३८० डॉलर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईचा सुमारे दोनतृतीयांश भाग. आई घरी आणि मिळकत एवढीशी, अशा स्थितीत त्याने हे धाडस केले.

१८७७ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांची एक मोठी परिषद नॅशव्हिलला भरली. त्या काळचे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकोम तेथे आले होते. बुजरा एडवर्ड धीर करून त्यांना भेटला आणि आपल्या दुर्बिणीने काय करता येईल असे त्याने विचारले. न्यूकोम यांनी त्याला गणित किती येते याची चौकशी केली आणि गणित येत नसेल तर दुर्बीण बाजूला ठेवून आधी ते शीक, असे सुनावले. धूमकेतू मात्र शोधता येतील, असेही त्यांनी सुचवले. त्या तरुणाच्या काळजाला हे बोल फार लागले. तो आडोशाला जाऊन रडला. पण डोळे पुसून त्याने दोन गोष्टी केल्या. गणितासाठी शिकवणी लावली आणि रात्री धूमकेतू शोधायला सुरुवात केली.

धूमकेतूंचे घर

१८८१ च्या जानेवारीत बार्नार्ड यांचे लग्न झाले. पत्नी ऱ्होडा कॅल्व्हर्ट या मूळच्या इंग्लंडच्या. त्यांचे भाऊ त्याच स्टुडिओत काम करत. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात बार्नार्ड यांना एक नवा धूमकेतू सापडला. त्या दिवसांत एका श्रीमंत गृहस्थाने नवा धूमकेतू शोधणाऱ्यास २०० डॉलरचे बक्षीस ठेवले होते. ते त्यांना मिळाले. या पैशांच्या भरवशावर या जोडप्याने कर्ज काढून छोटेसे घर बांधायला घेतले. हप्ता भरायची वेळ जवळ आली की घरात काळजी सुरू होई आणि नेमका त्याच सुमारास आणखी एखादा धूमकेतू सापडे, असे ते पुढे गमतीने सांगत. धूमकेतूंच्या बक्षिसांवर उभे राहिलेले हे घर धूमकेतूंचे घर म्हणूनच ओळखले गेले. आयुष्यभरात त्यांनी पंधराहून अधिक धूमकेतू शोधले.

१८८३ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि तेथील सहा इंची दुर्बीण त्यांच्या हाती आली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सतरा वर्षे स्टुडिओत राबल्यावर, ते प्रथमच वर्गात नीट बसले. याच काळात ययाती तारकासमूहात त्यांना एक अंधूक तेजोमेघ दिसला. आज तो कॅलिफोर्निया तेजोमेघ म्हणून प्रसिद्ध आहे आणि अंगणातून छायाचित्रे काढणाऱ्यांचा तो फार आवडता आहे.

जुने भिंग

१८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा सुरू झाली आणि बार्नार्ड तेथे रुजू झाले. तेथे छत्तीस इंची दुर्बीण होती, त्या वेळी जगातील सर्वांत मोठ्या भिंगाची. तिच्यावर वरिष्ठांचा हक्क असे. बार्नार्ड यांना कित्येक वर्षे ती मिळाली नाही. पुढे आठवड्यातील एक रात्र, शुक्रवारची, त्यांच्या वाट्याला आली. त्यांतल्याच एका शुक्रवारी, ९ सप्टेंबर १८९२ रोजी, त्यांनी गुरू ग्रहाचा पाचवा चंद्र शोधून काढला. गॅलिलिओने १६१० मध्ये चार चंद्र पाहिले होते. त्यानंतर पौणेतीनशेहून अधिक वर्षांत कोणाला पाचवा दिसला नव्हता. या शोधाने बार्नार्ड यांचे नाव जगभर झाले.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याआधी, १८८९ मध्ये घडली आणि ती मोठ्या दुर्बिणीने घडली नाही. तेजोमेघाचे पहिले छायाचित्र अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढले होते. ते मृगातील तेजोमेघाचे होते आणि त्यासाठी काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली. त्यानंतर इतरांनीही तेजोमेघांची छायाचित्रे काढली. मात्र मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहान तुकडाच दिसतो. आकाशगंगा तर या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत पसरलेली आहे. ती पकडायची तर रुंद नजरेचे भिंग हवे.

अशी भिंगे कोठे असतात हे स्टुडिओत वाढलेल्या बार्नार्ड यांना सांगावे लागले नाही. फोटो स्टुडिओत माणसांची छायाचित्रे काढण्यासाठी तीच तर वापरत. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छायाचित्रकाराकडचे सहा इंची जुने भिंग वेधशाळेने मिळवले होते. बार्नार्ड यांनी ते लाकडी पेटीत बसवले आणि ती पेटी एका लहान दुर्बिणीला घट्ट बांधली. पेटीत प्रकाशाला संवेदनशील अशी काच ठेवायची. दुर्बिणीत डोळा लावून एक तारा बारीक तारांच्या फुलीवर धरायचा. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. यंत्र त्यांच्यामागे फिरे खरे, पण ते अचूक नव्हते. तारा फुलीवरून केसभर ढळला की हाताने तो परत आणायचा. असे तीन-तीन, चार-चार तास. पापणी जड झाली किंवा हात चुकला की सगळी रात्र फुकट. छपरावर ज्युपिटरचे चाक फिरवणारा मुलगा आता एकतीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्या सवयीचेच काम त्याच्यासमोर होते.

काच धुऊन पाहिली तेव्हा आकाशगंगेचे जे रूप दिसले ते त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. ताऱ्यांचे ढग, त्यांच्या कडांवर पसरलेले तेज, आणि त्या तेजातून वाहणाऱ्या काळ्या वाटा. १८९४ मध्ये तर त्यांनी चित्रे दाखवण्याच्या कंदिलाचे इवलेसे भिंग वापरून सबंध मृगाचे छायाचित्र घेतले आणि त्यात मृगाला वेढणारी तेजाची प्रचंड कमान उमटली. आज ती बार्नार्डची कमान म्हणून ओळखली जाते.

रिकामी जागा की मेघ?

बार्नार्ड १८९५ मध्ये लिक सोडून शिकागो विद्यापीठात आले. विस्कॉन्सिन राज्यात विद्यापीठाची यर्क्स वेधशाळा उभी राहत होती. आयुष्याची उरलेली वर्षे त्यांनी तेथेच काढली. तेथील थंडी हाडे गोठवणारी. घुमटात शेगडी पेटवता येत नाही, कारण गरम हवा वर चढली की ताऱ्यांची प्रतिमा थरथरते. तरी आकाश निरभ्र असेल त्या रात्री बार्नार्ड दुर्बिणीपाशीच असत. कॅथरीन ब्रूस नावाच्या दानशूर बाईंच्या देणगीतून १९०४ मध्ये त्यांना खास छायाचित्रणासाठी दहा इंची भिंगाची दुर्बीण मिळाली. पुढच्या वर्षी ती कॅलिफोर्नियातील विल्सन पर्वतावर नेऊन त्यांनी दक्षिणेकडच्या आकाशगंगेची शेकडो छायाचित्रे घेतली.

छायाचित्रांतील त्या काळ्या वाटा मात्र त्यांना स्वस्थ बसू देईनात. विल्यम हर्शेल यांच्या काळापासून, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, असे मानले जात होते की तेथे तारेच नाहीत. आकाशाला भोक पडावे तशी ती मोकळी जागा. बार्नार्ड यांनाही पुष्कळ वर्षे हेच पटत होते आणि तसे त्यांनी लिहिलेही होते. पण वृश्चिकेत ज्येष्ठा ताऱ्याच्या जवळपासचे फोटो पाहताना त्यांना शंका येऊ लागली. तेथे तेजोमेघाची कडा हळूहळू अंधूक होत जाते आणि तीच पुढे काळ्या पट्ट्यात मिसळते. मोकळ्या जागेची कडा अशी कशी असेल?

१९१३ च्या उन्हाळ्यातील एका रात्री ते आकाशगंगेकडे पाहत होते. धनु राशीतील तेजस्वी भागावरून ढगांचे लहान लहान पुंजके जात होते. चंद्र नव्हता. आपल्या पृथ्वीवरचे हे साधे ढग त्या तेजापुढे शाईच्या डागांसारखे काळे दिसत होते. छायाचित्रांतल्या काळ्या खुणा हुबेहूब अशाच होत्या. ढग रिकामा नसतो, तो मागचा उजेड अडवतो म्हणून काळा दिसतो. मग त्या खुणाही मेघच असतील का?

तरी त्यांनी घाई केली नाही. वर्षानुवर्षे काचा पुन्हा तपासल्या. पन्नाशी उलटून गेलेल्या, जगप्रसिद्ध माणसाने आपलेच जुने मत तपासायला घेतले. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यांतील पुष्कळशा म्हणजे प्रकाश अडवणारे मेघ आहेत, हे मान्य केले. त्यांच्यानंतर सात वर्षांनी, १९३० मध्ये, ताऱ्यांमधल्या जागेत प्रकाश अडवणारी धूळ पसरलेली आहे हे रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी मोजून दाखवले. आज आपल्याला माहीत आहे की हे काळे मेघ अतिथंड वायू आणि धुळीचे असतात आणि त्यांच्याच पोटात नवे तारे जन्मतात. ज्याला रिकामे समजत होतो तेच ताऱ्यांचे पाळणाघर निघाले.

पस्तीस हजार सातशे प्रती

आपली निवडक छायाचित्रे पुस्तकरूपाने लोकांपुढे यावीत, ही बार्नार्ड यांची मोठी इच्छा होती. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०७ मध्ये पैसे मंजूर केले. पण छपाईचा एकही प्रकार त्यांच्या पसंतीस उतरेना. छपाईत अंधूक तेज नाहीसे होई किंवा नसलेले तेज उमटे. शेवटी छापायचेच नाही, प्रत्येक पानावर खरे छायाचित्रच लावायचे, असे ठरले. एक्कावन्न चित्रे आणि पुस्तकाच्या सातशे प्रती. मूळ काचेवरून काळजीपूर्वक नव्या काचा करायच्या, फिकट भाग किती गडद करायचा ते ठरवायचे आणि मग कागदावर प्रती काढायच्या. अशा ३५,७०० प्रती निघाल्या आणि त्यांतील प्रत्येक प्रत बार्नार्ड यांनी स्वतः डोळ्यांखालून घातली. स्टुडिओत ग्राहकाच्या हाती खराब फोटो जाऊ द्यायचा नाही, ही लहानपणीची शिस्त येथेही सुटली नाही.

या काळात त्यांना मधुमेहाने ग्रासले होते. तरीही १९१६ मध्ये १८९४ ची जुनी काच आणि नवी काच ताडून पाहताना, सर्व ताऱ्यांत सर्वांत वेगाने जागा बदलताना दिसणारा तारा त्यांना सापडला. तो आज बार्नार्डचा तारा म्हणून ओळखला जातो. १९२१ मध्ये पत्नी ऱ्होडा वारल्या. मूलबाळ नव्हते. चाळीस वर्षांची सोबत संपली आणि बार्नार्ड खचले. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना नॅशव्हिल येथे पत्नीशेजारी चिरविश्रांती देण्यात आली.

पुस्तक तेव्हा अपुरेच होते. चित्रे तयार होती, पण मजकूर आणि नकाशे राहिले होते. पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट अनेक वर्षे त्यांची मदतनीस होती. तिने आणि यर्क्सचे संचालक एडविन फ्रॉस्ट यांनी ते काम पुरे केले. १९२७ मध्ये आकाशगंगेचा हा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. ज्याने एकेक प्रत तपासली, त्याला बांधलेले पुस्तक काही पाहता आले नाही.

आजच्या अंगणात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बार्नार्ड यांची सर्व छायाचित्रे कृष्णधवल होती. मग आजच्या चित्रांतील रंग कोठून आले? ते रंग कोणी मनाने भरलेले असतात का?

मुळात तेजोमेघात रंग असतोच. हायड्रोजन वायू तापला की लाल प्रकाश देतो, ऑक्सिजन निळसर हिरवा देतो आणि ताऱ्यांजवळची धूळ निळा प्रकाश परतवते. पण उजेड फार मंद असला की आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत, सारे राखाडी दिसते. कॅमेऱ्याचे तसे नाही. तो प्रकाशाचा थेंब थेंब साठवत राहतो. बार्नार्ड यांच्या काळच्या काचांना निळा प्रकाश चांगला कळे, लाल जवळजवळ कळत नसे.

आजचा हौशी छायाचित्रकार एका रात्रीत पाच-पाच मिनिटांची पन्नास-साठ चित्रे घेतो. झाकण लावूनही काही चित्रे घेतो, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष कळतात आणि ते वजा करता येतात. मग संगणकावर सर्व चित्रे एकावर एक ठेवली जातात. जे प्रत्येक चित्रात आहे ते ठळक होते, जे एखाद्यातच चुकून आले ते पुसट होते. काही जण लाल आणि हिरव्या प्रकाशासाठी वेगळ्या काचा लावून स्वतंत्र चित्रे घेतात आणि नंतर ती एकत्र करतात. रंग किती गडद करायचा हे ज्याच्या त्याच्या हाती असते आणि येथेच प्रामाणिकपणाची परीक्षा होते. काहींची निवड तर मुद्दाम केलेली असते, उदाहरणार्थ वायू वेगळे कळावेत म्हणून दिलेले रंग. तसे असेल तर सांगून टाकावे. असलेले तेज उजळावे, नसलेले आणू नये. पस्तीस हजार सातशे प्रती एकेक करून पाहणाऱ्या माणसाचा धडा हाच आहे.

तारा फुलीवर धरून ठेवण्याचे काम आता यंत्र करते आणि छायाचित्रकार घरात जाऊन चहा पिऊ शकतो. बार्नार्ड यांना ती सोय नव्हती. पण यंत्राला जे शिकवले गेले ते अशाच जागणाऱ्या माणसांच्या अनुभवातून.

आपल्या गावात रस्त्यावरचे दिवे वाढल्यापासून आकाशगंगा दिसेनाशी झाली आहे. तरी मे महिन्याच्या सुटीत मुलांना घेऊन दिव्यांपासून दूर कोठे मुक्कामाला गेलात, तर अमावास्येच्या सुमारास मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहा. वृश्चिकेचा वाकडा आकडा आणि तांबूस ज्येष्ठा दिसेल. तिच्या पूर्वेला आकाशगंगेचा दुधाळ पट्टा आणि त्यात काळे डाग दिसतील. मुले विचारतील, तेथे काहीच नाही का? त्यांना नॅशव्हिलच्या त्या छपरावरच्या मुलाची गोष्ट सांगा.